अजून तीन किलो? वजन उतरवणं कुठे थांबवायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, उंची १५८ सेंटिमीटर, सहा वर्षांची एक मुलगी. दीड वर्षापूर्वी वजन ७४ किलो, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.१. खाणं बदलून, चालून-धावून वजन ५१ वर आणलं. आता लिव्हर स्वच्छ, एचबीए१सी ५.३, कंबर ७१ सेंटिमीटर. 'लक्ष्य ४८ चं आहे, लग्नात तेवढं होतं. पण आरशात मी अजून तशीच दिसते, पोट तर हललेलंच नाही. सासूबाई म्हणतात फार वाळलीस, आता बास. महिनाभर काटा जागचा हलत नाही. ११०० कॅलरीवर आहे, आणखी कमी करू का? आणि थांबायचं कधी हे कळतं कसं?' शेवटी एका ओळीत लिहिलंय की केस गळतायत, सगळ्यांना गरम होतं तेव्हा मला थंडी वाजते, आणि ५५ किलोपर्यंत अगदी वेळेवर येणारी पाळी पुढे ४५-५० दिवसांवर गेली. मागचा महिना कोराच गेला.

आहारतज्ज्ञ म्हणून आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून. तीन किलो कमी करू नका, तीन किलो वाढवा. ५४-५५ वर या आणि तिथे राहा. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर त्याबद्दलही पुढे लिहिते आहे.

पण सगळ्यात आधी एक काम. पाळी चुकली आहे, तर घरी प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्या. डाएटवरच्या बाईची पाळी चुकली की सगळे डाएटलाच धरतात आणि वेगळी बातमी तिसऱ्या महिन्यात कळते, असं होतं. टेस्ट निगेटिव्ह आली की स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस ही नेहमीची कारणं बघायला हवीत. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएच आणि टी३ अशी संप्रेरकं मोजतात; त्यात टीएसएच नॉर्मल आणि टी३ तेवढं खाली असं दिसलं तर थायरॉइडच्या गोळीची घाई करू नका, डॉक्टरांना तुमच्या ११०० कॅलरींबद्दल सांगा. कमी खाणाऱ्या शरीरात टी३ असंच उतरतं आणि खाणं वाढलं की बहुधा आपोआप वर येतं.

ही कारणं निघाली नाहीत, आणि तुमचं वर्णन वाचून मला तसंच वाटतं, तर उरतं ते कमी खाणं. शरीरात चरबीचा साठा किती आहे आणि रोजची आवक किती आहे याची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे सतत जात असते. चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन हे त्यातलं एक मुख्य संप्रेरक. आवक फार घटली की मेंदू महिनाअखेरीच्या गृहिणीसारखा वागतो. वीजबिल आणि किराणा चुकवता येत नाही, म्हणून बाकीच्यावर फुली. शरीराच्या हिशेबात हृदय आणि मेंदू म्हणजे किराणा. पाळी, केस, अंगातली ऊब, हाडांची डागडुजी हे सगळं फुलीच्या बाजूला. तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलेली तिन्ही लक्षणं या एकाच यादीतली आहेत. केस त्यातल्या त्यात उशिरा बोलतात: आज गळणारे केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या उपासमारीचे असतात, त्यामुळे खाणं वाढवल्यावरही थोडे दिवस गळत राहतील. तेव्हा तेल-शांपू बदलत बसू नका.

हाडांचं मात्र दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहावं लागतं. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन खाली गेलेलं असतं, आणि इस्ट्रोजेन नसलं की हाडं झिजण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो. हाडांची कमाई साधारण तिशीपर्यंतची. पुढे आहे ते सांभाळायचं. चौतिसाव्या वर्षी पाच-सहा महिने पाळी बंद राहिली तर वजनाच्या काट्यावर काहीच दिसत नाही, बिल पंचावन्नाव्या वर्षी मनगट मोडल्यावर येतं. पाळी 'आणण्यासाठी' गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होईल, पण कमी खाण्याचा मूळ प्रश्न झाकला जाईल. हा शॉर्टकट कुणी सुचवला तर दोनदा विचार करा.

आता तुमचं गणित मांडते. खेळाडूंच्या बाबतीत एक हिशेब वापरतात: दिवसभराच्या कॅलरींतून व्यायामात जळलेल्या वजा करायच्या आणि उरलेल्यांना चरबी सोडून शरीराचं जे वजन उरतं त्याने भागायचं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याच मुद्द्यावर निवेदन काढलं, कारण धावपटू, जिम्नॅस्ट, कुस्तीगीर यांच्यात हा त्रास सर्रास दिसत होता. भागाकार ३० च्या खाली राहिला की बऱ्याच बायकांच्या संप्रेरकांची घडी विस्कटायला लागते. ही रेघ कडक नाही, माणसागणिक सरकते. तुमच्या ५१ किलोंपैकी चरबी सोडून ३७-३८ किलो धरू. खाणं ११००, धावण्या-चालण्यात २५० गेल्या, उरल्या ८५०. भागाकार २२-२३. ऑलिंपिकला न जाताच तुम्ही ऑलिंपिकच्या खेळाडूचं दुखणं घेऊन बसलात. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या भारतीय बाईला दिवसाला १६६० कॅलरी दिल्या आहेत. मध्यम कष्टाचं काम असेल तर २१३०. तुम्ही बैठ्याही नाही आहात.

काटा महिनाभर हलत नाही याचं उत्तरही यातच आहे. शरीराने खर्च कमी केला आहे, आणि तुमच्या नकळत तुम्हीही: लिफ्ट येईपर्यंत भिंतीला टेकणं, भांडी घासायला स्टूल ओढून घेणं, मुलीने हाक मारली की बसल्या जागेवरून ओ देणं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका प्रसिद्ध टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ते टोकाचं उदाहरण आहे, तुमचं तेवढं होणार नाही. पण दिशा तीच. ११०० चे ९०० केले तर शरीर आणखी आवरतं घेईल आणि तुम्ही महिन्याभराने मला ७०० बद्दल विचाराल.

इथे कुणीतरी म्हणेल, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) तर नॉर्मल आहे. आहेच. ५१ किलोला २०.४, ४८ ला १९.२, दोन्ही हिरव्या पट्ट्यात. पण तो पट्टा तुमच्या उंचीला ४६ पासून ५७ किलोपर्यंत पसरलेला आहे; त्यात तुम्ही नेमकं कुठे बसायचं हे त्याला सांगता येत नाही. हे सूत्र १८३० च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं, आणि त्याला रस होता माणसांच्या घोळक्याच्या सरासरीत, समोर बसलेल्या एका बाईत नव्हे. घोळक्यासाठी ते आजही चांगलं आहे.

मग 'आपल्या लोकांना कमीच बरं' हा दुसरा युक्तिवाद येतो. तो अर्धा खरा आहे. भारतीयांना बीएमआय २३ च्या पुढेच धोका सुरू होतो, कारण तेवढ्याच वजनात आपल्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगापुढे फार मजेदार रीतीने आणलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. लोक यातून अर्थ काढतात की आपण आणखी बारीक व्हायला हवं. मला त्यातून उलटं दिसतं. ज्याच्याकडे आधीच स्नायू कमी, त्याने नुसतं खाणं कापून वजन उतरवलं तर उतरणाऱ्या किलोंपैकी साधारण चौथा हिस्सा चरबी नसलेल्या भागाचा असतो, आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा. तुमचे २३ किलो गेले. त्यात पाच-सहा किलो असं गेलं असेल तर नवल नाही, कारण व्यायाम तुम्ही चालण्या-धावण्याचाच लिहिला आहे. पुढचे तीन किलो कुठून जातील याचा विचार करा. तुमच्या अंगाला आता कमी वजन नको, जास्त स्नायू हवेत, आणि ते ११०० कॅलरीवर बनत नाहीत.

तब्येतीसाठी जे मिळवायचं होतं ते तर केव्हाच मिळालं. फॅटी लिव्हर उतरायला मूळ वजनाच्या ७ ते १० टक्के कमी झालं की बहुतेकांना फरक पडतो, साखरेचंही साधारण तसंच. म्हणजे ७४ पासून ६७ पर्यंत येतानाच मोठा पल्ला झाला, ५७ ला भारतीय हिशेबानेही तुम्ही पट्ट्यात आलात. त्यापुढचं उतरणं दिसण्यासाठी होतं. दिसण्यासाठी काही करणं मला गैर वाटत नाही, लोक त्यासाठी काय काय करतात. फक्त त्याला 'हेल्थसाठी' म्हणत राहिलं की थांबायची जागा सापडत नाही, कारण हेल्थ किती झाली की पुरे, याला अंतच नसतो.

आणि ४८. लग्नातलं वजन हे आपल्याकडच्या निम्म्या बायकांचं लक्ष्य असतं, आणि त्या आकड्याची चौकशी कुणी करत नाही. लग्नाआधीच्या दोन महिन्यांत तुम्ही काय खात होता? खरेदी, केळवणं, जागरणं, टेन्शन. शिवाय कदाचित ब्लाउज बसावा म्हणून रात्रीचं जेवण बंद. ते तुमचं वजन नव्हतं, तो त्या पंधरवड्याचा आकडा होता. वर तेव्हा वय चोविसच्या आसपास असेल आणि बाळंतपण व्हायचं होतं. गरोदरपणात बरगड्यांचा घेर वाढतो आणि कित्येकींचा तो पूर्ण मागे येत नाही. म्हणून ४८ ला पोचलेल्या बायकाही शालूवरचा ब्लाउज घालून बघतात तेव्हा हूक पाठीत लागतच नाही. मग त्या म्हणतात, अजून दोन किलो. हाडं डाएटने बारीक होत नाहीत. तो ब्लाउज उसवून द्या, शिंप्याकडे कापड सुटतं.

आता आरसा. वजन जितक्या वेगाने उतरतं तितक्या वेगाने डोक्यातलं चित्र बदलत नाही. वर्षानुवर्षं बनलेलं ते चित्र बदलायला महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं. गर्दीच्या बसमध्ये दोघांच्या मधून जायला जागा असूनही तुम्ही थांबता का? दुकानात हात अजून एक्सएलकडेच जातो का? माझ्याकडे येणाऱ्या बायका हो म्हणतात. त्यात भर म्हणजे आपण आरशात पूर्ण माणूस बघतच नाही. न आवडणारी एक जागा निवडून तीच बघतो, आणि जितका वेळ बघत बसावं तितकी ती मोठी वाटायला लागते.

कमी खाणं हेसुद्धा नजर बिघडवतं, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं आणि ही मुलं शस्त्र धरायला नकार देणारी, स्वेच्छेने आलेली होती. रोज साधारण १५७० कॅलरी, बटाटे, सलगम, कोबी, ब्रेड, मॅकरोनी, आणि भरपूर चालणं. वजन सुमारे पाव भागाने उतरलं. मुलांना थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली, लैंगिक इच्छा गेली. स्वयंपाकाची पुस्तकं ते कादंबरीसारखी वाचायला लागले, ताटातलं तासभर चिवडत बसायचे. आणि हाडं दिसायला लागलेल्या त्यांतल्या कित्येकांना आपण फार बारीक झालोय असं वाटेना. उलट बाकीचे लोक जाडे दिसायला लागले. यातल्या कुणालाही बारीक व्हायची हौस नव्हती. नुसत्या उपासमारीने नजर फिरली. (१९७२ मध्ये केटलेच्या सूत्राला आजचं बीएमआय हे नाव देणारे कीज ते हेच.) म्हणून 'आरशाला पटलं की थांबेन' हा बेत फसतो. खाणं तसंच राहिलं तर ४८ ला आरसा आजच्याहून जास्त नाराज असेल. आधी थांबायचं, पोटभर जेवायचं, नजर मागाहून ताळ्यावर येते.

पोटाचं वेगळं बघू, कारण तुमची कंबर ७१ आहे आणि तरी पोट 'हललेलं नाही'. कंबर नीट मोजताय ना ते तपासा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप, कपड्यावरून नाही, आणि साधा श्वास सोडून झाल्यावर, पोट आत ओढून नाही. भारतीय बाईला ८० च्या आत हवी, शिवाय उंचीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे तुमची ७९. तुम्ही दोन्हींच्या खूप आत आहात. मग हाताला लागतं ते काय? उताण्या झोपा, गुडघे मुडपा आणि बेंबीच्या दोन बोटं खाली चिमटीत धरा. चिमटीत पातळ, सुरकुतलेलं, सहज सरकणारं काही आलं तर ती सैल कातडी. बाळंतपण आणि वर २३ किलोंची घट यानंतर ती असणारच, आणि आणखी वजन उतरवलं तर ती आणखी लोंबेल. आता तसंच पडून डोकं थोडं उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला किंवा दोन-तीन बोटं आत जातील अशी फट लागली तर बाळंतपणात सरकलेले पोटाचे स्नायू अजून जवळ आलेले नाहीत. याला फिजिओथेरपिस्टकडे शिकून करायचे व्यायाम आहेत, आणि नेहमीचे क्रंचेस त्यात नसतात. बसल्यावर पडणारी वळी मात्र सगळ्यांना पडते. माणूस कमरेत वाकतो तर कातडी कुठे जाणार?

थांबायचं म्हणजे काय करायचं, हे आता. एकदम 'नॉर्मल खायला सुरुवात' असं सांगितलं तर डाएटवाला माणूस गांगरतो, म्हणून पायऱ्या करते. पहिला आठवडा फक्त सकाळी एक कप दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे वाढवा, सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी झाल्या. दुसऱ्या आठवड्यात रात्री बंद केलेली भाकरी परत आणा, वर चमचाभर तूप. तिसऱ्यात दुपारी वाटीभर वरण-भात. भाताला आपल्याकडे उगाच वाळीत टाकलंय. असं करत पाच-सहा आठवड्यांत १८०० च्या आसपास या. त्यात प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या घरात असू द्या. नुसत्या आमटीने एवढी होत नाहीत; दोन अंडी किंवा शंभर ग्रॅम पनीर, शिवाय घट्ट उसळ आणि दही, असं जमवावं लागतं. धावणं आठवड्यातून दोनदाच, आणि दोन दिवस वजनं उचलायची. जिम नको असेल तर पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन स्टुलावरून उठबस, भिंतीला टेकून किंवा ओट्याला धरून पुश-अप्स, सुरुवातीला पुरतं.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन एक ते दोन किलोने वर जाईल आणि तुम्ही घाबराल. बहुतेक जण इथेच परत फिरतात, म्हणून हिशेब आधीच देऊन ठेवते. यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाने साखरेचा साठा असतो. डाएटवर तो रिकामा होतो आणि जेवायला लागल्यावर भरतो. दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. शिवाय आतड्यात अन्न जास्त असतं. खरी एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त लागतात. दुधा-शेंगदाण्यांनी ती पंधरवड्यात चढत नाही. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहा, सकाळी पोट साफ झाल्यावर, आणि दोन महिन्यांनी महिन्यातून एकदा. एकच आकडा धरू नका. ५३ ते ५६ असा पट्टा धरा. पाळीच्या आधी, मीठ जास्त झालं, प्रवास झाला, की एक-दीड किलो असाच हलतो.

५४-५५ हा आकडा मी कुठल्या तक्त्यातून काढला नाही, तुम्हीच लिहून दिलात. तिथपर्यंत पाळी वेळेवर होती, लिव्हर स्वच्छ झालं होतं, साखर खाली आली होती. कुणी दुसरी बाई याच उंचीची ५० वर ठणठणीत असेल, तिसरीची पाळी ५८ लाच बिघडेल. पुरुषांना पाळीचा भोंगा नसतो, म्हणून ते उशिरा येतात: सकाळचा ताठरपणा आणि इच्छा कमी होणं, जिममध्ये वजनं घसरणं, बारीकसारीक दुखापत महिनोन्महिने बरी न होणं, पहाटे तीनला भुकेने जाग येणं, घरात सगळ्यांवर खेकसणं. त्यांच्यातले काही उलट्या दिशेचेही असतात, दंड केवढेही झाले तरी आपण काडीपैलवानच आहोत असं वाटणारे. आणि जे इंजेक्शनवर वजन उतरवतायत (मौन्जारो आणि वेगोव्ही दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली), त्यांना भूकच लागत नाही, त्यामुळे 'बास' म्हणणारा आतला आवाज औषधाने बंद केलेला असतो. त्यांनी थांबायचं वजन सुरू करतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

घरच्यांच्या बोलण्याला किती महत्त्व द्यायचं? आपल्याकडे 'वाळलीस' हे कुशल विचारण्याचा प्रकार आहे, माहेरी गेलेल्या प्रत्येक मुलीला ते ऐकावं लागतं. उलट 'खात्यापित्या घरची दिसतेस' हे कौतुक की टोमणा हे म्हणणाऱ्यावर. म्हणून एकट्या सासूबाईंच्या शेऱ्यावर मी काही ठरवणार नाही. पण तुम्हाला वर्षभराने भेटलेली मैत्रीण, शिंपी आणि ऑफिसातला सहकारी, असे एकमेकांना न ओळखणारे तिघे जण तोंड उतरलंय म्हणत असतील तर त्यांचं ऐका. त्यांच्या डोक्यात ७४ किलोचं जुनं चित्र इतकं पक्कं नाही.

पोटातल्या गोळ्याबद्दल लिहिते म्हटलं होतं. थोडी धाकधूक सगळ्यांनाच वाटते. दुधाचा कप वाढवून आठवड्यात ती ओसरते. पण कप हातात घेऊन तो ओतून द्यावासा वाटला, खाल्लेलं भरून काढायला रात्री जिने चढलात, ताप असताना धावलात, लग्नाकार्याला जाणं टाळलंत कारण तिथे जेवावं लागेल, उलटी काढलीत किंवा जुलाबाची गोळी घेतलीत, तर हे प्रकरण आहारतज्ज्ञाच्या एकटीच्या हातातलं राहत नाही. उपवासांकडेही लक्ष ठेवा. ज्या घरात कधी संकष्टी पाळली नाही तिथली मुलगी अचानक संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार सगळं धरते आणि उपवास सोडतानाही काकडीच खाते, तेव्हा मला देवभक्तीची शंका येते. खाण्याचे आजार फक्त हाडाच्या सापळ्यांना होतात हा गैरसमज आहे. वजन खूप उतरलंय पण आकडा अजून 'नॉर्मल' आहे, अशांनाही तोच ॲनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार) होतो, आणि अभिनंदनाच्या वर्षावात तो कुणाला दिसत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, सोबत आम्ही असतोच. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, बसल्या बसल्या नाडी ५० च्या खाली, यात मात्र फोन वगैरे न करता थेट फिजिशियन. आणि ज्यांनी आठवडेच्या आठवडे जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही त्यांनी वर लिहिलेल्या पायऱ्या घरी करू नयेत; अशा शरीराला भराभर अन्न दिलं तर रक्तातले क्षार बिघडतात, ते दवाखान्यातच करावं लागतं. तुम्ही त्या गटात नाही.

मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्यासमोर काट्यावर उभ्या राहू नका, पोटाची चिमूट धरू नका, ताटावर 'हे जाड करतं' हे वाक्य नको. बाकी काही वेगळं शिकवायची गरज नाही, तुम्ही तिच्याबरोबर बसून भात खाल्लात की पुरे.

सहा आठवड्यांनी वजन, कंबर आणि पाळीच्या तारखा एवढंच लिहून पाठवा, खाल्लेल्या कॅलरी नकोत. पाळी परतायला तीन ते सहा महिने लागू शकतात, काही जणींना त्याहून जास्त. दुसऱ्या महिन्यात आली नाही म्हणून खाणं परत कमी करायचं नाही. तीन महिन्यांत आलीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटा आणि डेक्सा करून हाडांची घनता बघायची का ते विचारा. सलग तीन पाळ्या वेळेवर आल्या की धावणं चार दिवसांवर न्यायला हरकत नाही, मात्र धावायच्या दिवशी एक भाकरी जास्त.